अटलांटिकपारचा प्रवास बाजूच्या विमानतळांवरून: काही महिन्यांनंतरचा अनुभव

कामानिमित्त ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिकेचा पूर्व किनारा अशा माझ्या फेऱ्या चालू असतात. गेले काही महिने लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके ही नेहमीची वाट सोडून मी मुद्दाम बाजूचे विमानतळ धरले. पैसे वाचतात, यात शंका नाही. पण किती वाचले हे तिकिटाच्या किमतीवरून कळत नाही, घरापासून मुक्कामापर्यंतचा सगळा खर्च मांडला तरच कळतं.

सगळ्यात जास्त पटला तो डब्लिनहून अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराजवळच्या ब्रॅडली विमानतळाला थेट जाण्याचा मार्ग. एर लिंगस या आयरिश विमान कंपनीची ही सेवा आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स डब्लिनलाच उरकतं. अधिकाऱ्याने स्क्रीनवर माझ्या चेक-इन बॅगेचा फोटो दाखवला, "हीच ना?" म्हणून विचारलं, आणि काम झालं. ब्रॅडलीला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखी बॅग उचलायची आणि सरळ बाहेर पडायचं. शहरात जायला ३० नंबरची बस आहे. लांबच्या प्रवासानंतर रांगेत उभं राहावं लागत नाही, याचं मोल मला भाड्यातल्या बचतीइतकंच वाटतं.

दुसरा फायदा कराचा. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्युटी लागते. अमेरिकेच्या इकॉनॉमी तिकिटावर ती १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड आहे. लंडनच्याच गॅटविक विमानतळाहून निघा की हीथ्रोहून, आकडा तोच. आयर्लंडने मात्र स्वतःचा प्रवास कर २०१४ मध्येच काढून टाकला. त्यामुळे ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टकडच्या लोकांनी बसने डब्लिन विमानतळ गाठावा, हे मी आवर्जून सांगेन.

लंडनकरांचं तसं नाही. लंडन-डब्लिन-अमेरिका एकाच तिकिटावर घेतलं तर कर लांब पल्ल्याचाच लागतो. दोन वेगळी तिकिटं काढली तर तो कमी होतो, पण पहिलं विमान रखडलं की दुसरं तिकीट बुडालं. त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. म्हणून आदल्या दिवशी जाऊन राहायचं, तर हॉटेलच्या बिलात बचत संपते. मी हा प्रकार सोडून दिला.

स्वस्त भाड्यात सामान धरलेलं नसतं, हेही लक्षात ठेवा. एका कंपनीने गेटवर प्रत्येकाची केबिन बॅग काट्यावर ठेवायला लावली. माझ्या पुढच्या बाईंनी भर गर्दीत दोन जॅकेटं एकावर एक चढवली, चार्जर खिशात कोंबले, तेव्हा कुठे वजन बसलं. बॅग न्यायची असेल तर तिचे पैसे धरूनच भाड्यांची तुलना करा.

न्यूयॉर्कच्या नावाने ज्याची तिकिटं विकली गेली त्या स्ट्यूअर्ट विमानतळाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. मॅनहॅटनपासून तो सुमारे १०० किलोमीटर. नॉर्वेजियन ही विमान कंपनी २०१७ मध्ये तिथे आली आणि २०१९ मध्ये निघून गेली. आइसलँडची प्ले २०२२ मध्ये आली, ती कंपनीच सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. अशा ठिकाणी एखादंच विमान असतं. ते रद्द झालं तर पुढचं कधी, हे आधी बघा आणि मगच पैसे भरा.

मुलं बरोबर असतील तर हिशोब पुन्हा मांडायला हवा. १६ वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत ब्रिटनचा हा कर लागतच नाही, त्यामुळे लंडनच्या कुटुंबाला गॅटविकहून थेट जाणं परवडू शकतं. तिथे रेल्वे स्टेशन साउथ टर्मिनललाच लागून आहे, टॅक्सीचा खर्चही वाचतो.