आधी कोतवाल बुक की आधी रामकुंड?

घराण्याची मुळं शोधायची म्हटलं की दोन ठिकाणं सुचवली जातात: तहसीलचा अभिलेख कक्ष आणि नाशिकला रामकुंडावरचे, यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या राखणारे तीर्थोपाध्याय. मी दोन्हीकडे खेपा घातल्या आहेत.

जमिनीचा माग काढायचा असेल तर तहसीलच. जुना सातबारा, त्याआधीचं कडईपत्रक, फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, असं मागे मागे जाता येतं. वारसाचा फेरफार हाती लागला तर कोण वारलं, मागे कोण राहिलं, हे एका कागदावर मिळतं. दाखल्यासाठी नक्कलही तिथूनच घ्यावी. मोडी वाचणारा मात्र सोबत हवा.

माझं घोडं अडलं कोतवाल बुकात, म्हणजे तहसीलमधल्या गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. आजोबांच्या जन्माची नोंद तिसऱ्या खेपेला सापडली. तारीख होती, बापाचं नाव होतं, आणि पुढे नुसतं 'मुलगा'. अशा नोंदी पुष्कळ आहेत. जन्माची वर्दी आधी जायची, बारसं नंतर व्हायचं. पण तीन भावांपैकी हा कोणता? आणि आईचं नाव तर कुठेच नाही. मी निघालो होतो ते तिच्याच नावासाठी. पणजीचं नाव घरात एकालाही ठाऊक नव्हतं.

रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगत फिरलो, तेव्हा आमच्या उपाध्यायांचं घर सापडलं. गुरुजींनी लांबट वही उघडली, बोट खाली सरकवत नेलं. शके 1842, 78 मिळवले की 1920. पणजोबांच्या हातची मोडी ओळ, खाली भावांची नावं, मुलांची, आणि 'बायको सगुणा'. गुरुजींना मी ते पुन्हा वाचायला लावलं. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, म्हणूनच वहीत बायका टिकल्या असाव्यात.

वहीत जन्ममृत्यूच्या तारखा मिळतीलच असं नाही, आणि तीर्थाला कुणी गेलंच नसेल तर पान कोरं. अशा घरांनी तहसीलच गाठावं. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, आधी नाशिकला जावं. फक्त 2027च्या सिंहस्थाची गर्दी टाळून.

सगुणा हे सासरी ठेवलेलं नावही असू शकतं. माहेरचं नाव तिच्या वडिलांनी त्यांच्या उपाध्यायांच्या वहीत लिहिलं असेल, पण ते गाव कोणतं, हे सांगणारं आमच्यात आता कुणी उरलेलं नाही.