गाडीची पॉलिसी खरी, सामानाचा कागद खोटा

‘सामान सुरक्षा प्रमाणपत्र’ अशा नावाचा रंगीत कागद तुमच्या गाडीच्या फाइलमध्ये असेल, तर आधी तो बाहेर काढा आणि त्याच्यावर यूआयएन (विमा नियामकाने त्या कव्हरला दिलेला ओळख क्रमांक) आहे का ते बघा. नसेल तर पुढचं वाचा. असेल तरी वाचा.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर. कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये ती आतून बदलून घेतली: झोपायची बाकं, छोटा फ्रिज, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, टपावर सोलर पॅनल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल आरसीवर चढवावे लागतात. ते आरटीओतून रीतसर करून घेतले होते. (हे न करता कोकणात फिरणारे बरेच भेटतात. क्लेमची वेळ आली की कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.)

विमा काढणारा मुलगा ओळखीतून आला होता. ‘ताई’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करायचा नाही. मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारलं होतं, “आतला फ्रिज, बॅटरी, आमचा कॅमेरा, लॅपटॉप, सगळं धरून ना?” उत्तर आलं, “हो ताई, आत-बाहेर सगळं कव्हर. अमेरिकेत आरव्हीला देतात ना, अगदी तसंच.” अमेरिकेत आरव्हीच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पॉलिसीत आतल्या वैयक्तिक सामानाचं वेगळं कलम घेता येतं, आणि बारा महिने गाडीतच राहणाऱ्यांसाठी आणखी वेगळं कव्हर असतं, हे खरं आहे. पण ते तिथलं. इथे त्याने काय केलं, तर गाडीच्या पॉलिसीचे पैसे कंपनीच्या लिंकवर भरायला लावले आणि सामानाच्या कव्हरचे ९,००० रुपये स्वतःच्या यूपीआयवर घेतले. “हे अ‍ॅड-ऑन आहे ताई, पोर्टलवर नंतर चढतं.” दोन दिवसांत पॉलिसी आली आणि तिच्या मागोमाग ते प्रमाणपत्र: कंपनीचा लोगो, आमच्या पॉलिसीचाच नंबर, पुढे ‘/ए’, खाली शिक्का.

गाडी उंच, बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये बीमला लागते, म्हणून ती बाहेर रस्त्यावर उभी असायची. मुंबईत या गाड्यांचं हेच होतं. एका पहाटे सरकत्या दाराची काच फुटलेली दिसली. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, कॅमेऱ्याची बॅग, लॅपटॉप, सगळं गेलं होतं. वायरी व्यवस्थित पक्कडीने कापलेल्या होत्या, म्हणजे घाई नव्हती. पोलिसांत एफआयआर केला, कंपनीला फोन केला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला.

सर्व्हेअर शांत माणूस होता. काचेचे फोटो काढले, आरसी बघितली, मग पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे तपशिलाचं पान, मागितलं. त्यातल्या विमा रकमेच्या तक्त्यात एका रकान्यात गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, होती. शेजारी ‘नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’ खाली शून्य, ‘इलेक्ट्रिकल/इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेसरीज’ खाली शून्य. त्याने पेनाचं टोक त्या शून्यावर ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, तुमची बॅटरी-फ्रिज इथे असायला हवी होती.” मी प्रमाणपत्र पुढे केलं. त्याने त्याच्यावरचा क्यूआर मोबाइलने स्कॅन केला. उघडलं ते कंपनीच्या वेबसाइटचं पहिलं पान, जे कोणालाही उघडता येतं. खऱ्या पॉलिसीवरचा क्यूआर स्कॅन केला तर थेट आमच्या गाडीचा नंबर आणि पॉलिसीची मुदत दिसली. पुढे काही बोलायची गरज उरली नाही.

संताप होतो तो हिशेबाचा. गाडी बनवणाऱ्या कंपनीने बसवून न दिलेल्या, आपण नंतर लावलेल्या वस्तूंची किंमत आयडीव्हीत येत नाही, ती वेगळी लिहून द्यावी लागते. इलेक्ट्रिकल वस्तूंवर त्याचा जादा प्रीमियम मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून (टॅरिफपासून) चार टक्क्यांच्या हिशेबाने चालत आलेला आहे. आमच्या वस्तू होत्या १,८०,००० रुपयांच्या. म्हणजे ७,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून ८,४९६. खरं काम त्याच्या खोट्या कागदापेक्षा स्वस्तात झालं असतं!

तेवढ्यानेही सगळं सुटत नाही. काही पॉलिसींमध्ये गाडी शाबूत राहून नुसती अ‍ॅक्सेसरीच चोरीला गेली तर भरपाई नाही, असं सरळ लिहिलेलं असतं. वगळलेल्या गोष्टींत ती ओळ शोधा आणि असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा. कॅमेरा, लॅपटॉप, कपडे हा आणखी वेगळा प्रकार. गाडीच्या साध्या पॉलिसीत ते धरलेले नसतात. काही कंपन्या वैयक्तिक सामानाचं अ‍ॅड-ऑन देतात, पण त्याला मर्यादा लहान असते, रोकड आणि दागिने बहुधा वगळलेले असतात, आणि गाडी कुलूपबंद असल्याचा पुरावा व एफआयआर मागतात. अ‍ॅड-ऑन खरं असेल तर त्याचं नाव शेड्यूलमध्ये छापलेलं असतं आणि विमा नियामकाने दिलेला यूआयएन असतो. वेगळ्या कागदावर, वेगळ्या खात्यात पैसे घेऊन ते येत नाही.

कंपनीने काचेचे पैसे दिले. प्रमाणपत्राबद्दल लेखी कळवलं की हे आम्ही दिलेलं नाही. ते पत्र नक्की मागून घ्या, आमच्या तक्रारीचा सगळा भार त्याच्यावर आहे. पोलिसांत फसवणुकीची वेगळी तक्रार दिली आहे, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘सगळं कव्हर’ आणि यूपीआयची पावती, दोन्ही जोडलं. तुम्हाला यूपीआयने गेलेले पैसे लगेच लक्षात आले तर १९३० वर फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे.

कंपनीशीच वाद असेल, तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, पण नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

त्या मुलाचा नंबर आता बंद आहे. ठाण्याच्या एका कॅम्परवाल्या मित्राने आमचं ऐकून स्वतःची फाइल उघडली, तर तोच शिक्का, तसाच ‘/ए’. त्याची गाडी अजून सुखरूप आहे, म्हणून त्याने कंपनीला कळवून वस्तूंची यादी शेड्यूलमध्ये चढवून घेतली.