रोटरखालचे ‘नवे’ पार्ट : जुनं ऑटोमॅटिक घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी वाचा

घड्याळाचे पार्ट बदलल्याचं सांगून ज्या दुकानाने मला फसवलं, त्याचं नाव देत नाही. ही युक्ती एकट्या त्या दुकानाची नाही, त्यामुळे नाव कळून फारसा उपयोगही नाही. युक्ती कळलेली बरी.

माझ्याकडे सीकोचं ६३०९ मशीन असलेलं जुनं घड्याळ आहे. १७ ज्वेल (झीज कमी करणारे बारीक खडे), तासाला २१,६०० ठोके. या मशीनला चावी देता येत नाही. मनगट हललं की रोटर, म्हणजे आतलं अर्धगोल वजन, फिरतो आणि त्यावरच स्प्रिंग भरते, म्हणजे भरणारी यंत्रणा झिजली की घड्याळ उपाशी. पूर्ण भरलेलं मशीन ४० तासांच्या आसपास चालायला हवं. माझं रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सांगितलं : मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग), मॅजिक लीव्हर आणि तो ज्या चाकाला फिरवतो ते चाक, तिन्ही गेलंय. गंमत म्हणजे निदान अगदी बरोबर होतं. मॅजिक लीव्हर ही सीकोची १९५९ पासूनची करामत : दोन पायांची पातळ पट्टी, एक पाय चाकाचे दाते ओढतो, दुसरा ढकलतो, त्यामुळे रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग भरतच जाते. त्या पायांची टोकं बोथट झाली की रोटर नुसता गरगरतो.

बिलावर तिन्ही पार्ट ‘ओरिजिनल, पॅकबंद’. जुने पार्ट मागितले, तर तेही लगेच पुडीत बांधून दिले. टायमिंग मशीनवर घड्याळ ठेवून दाखवलं : दिवसाला जेमतेम चार सेकंद पुढे. गिऱ्हाइकाने आणखी काय मागायचं?

काही दिवसांत पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाला, “तुमचं बैठं काम, हात हलतच नाही.” हे उत्तर फार सोयीचं आहे, कारण ते अर्धं खरं असतं.

दुसऱ्या कारागिराने आधी पुडी सोडली. स्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाला नुसता हूक होता. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगला तिथे जाडसर पट्टी असते. स्प्रिंग पूर्ण भरली की ती पट्टी बॅरलच्या, म्हणजे स्प्रिंग ज्या डबीत असते तिच्या, भिंतीवर घसरते, म्हणून कितीही हात हलवला तरी स्प्रिंग तुटत नाही. पुडीतली स्प्रिंग चावीच्या घड्याळाची होती. आणि लीव्हर म्हणून दिलेला तुकडा? कुठल्यातरी घड्याळाच्या तारखेच्या चकतीचा खटका! मग त्याने रोटर काढला. जुनाच लीव्हर, टोकं घासून चकचकीत. बॅरलच्या भोकापाशी पितळेची काळपट भुकटी जशीच्या तशी. बदललं काहीच नव्हतं, घड्याळ पुढे-मागे करणारा रेग्युलेटर तेवढा सरकवला होता.

ते चार सेकंद म्हणूनच फसवे. रेग्युलेटर सरकवून झिजलेलं मशीनही घटकाभर वेळेवर आणता येतं. मशीनची ताकद कळते ती अ‍ॅम्प्लिट्यूडवरून, म्हणजे बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) किती अंश झोका घेतो त्यावरून, आणि तो आकडा टायमिंग मशीनच्या पडद्यावर शेजारीच असतो. त्यातही लिफ्ट अँगल (अ‍ॅम्प्लिट्यूड मोजण्यासाठी टायमिंग मशीनमध्ये भरायचा कोन) वाढवून ठेवला की अ‍ॅम्प्लिट्यूड फुगलेला दिसतो, तेव्हा सेटिंगही विचारा. पूर्ण भरल्यावरचा आकडा घ्या आणि २४ तासांनंतरचाही घ्या, डायल वर ठेवून आणि घड्याळ उभं धरून. रोटर काढलेल्या अवस्थेतला, जुना आणि नवा लीव्हर शेजारी ठेवलेला फोटो काम चालू असतानाच मागा. आढेवेढे घेतले तर घड्याळ उचलून चालू लागा. कित्येक वर्षांपूर्वी उत्पादन बंद झालेल्या मशीनचे पार्ट कुणी चुटकीसरशी ‘पॅकबंद’ देत असेल, तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा.

पहिल्याकडे पुडी घेऊन गेलो. “गडबडीत दुसऱ्याची पुडी आली असेल, घड्याळ ठेवून जा, बघतो,” म्हणाला. घड्याळ ठेवलं नाही, पैसे मिळाले नाहीत. दुसऱ्याच्या बिलावर असं आहे : स्प्रिंग नवी, बॅरलच्या भोकाला बुश (झिजलेल्या भोकात बसवायची बारीक कडी), लीव्हर आणि चाक वापरलेलं, याच नंबरच्या बंद घड्याळातलं.