प्लॅजिओक्लेज की पायरॉक्सिन? मराठवाड्याच्या बेसॉल्टवर प्रबंध करताना

एम.एस्सी.च्या प्रबंधाला मराठवाड्यातला बेसॉल्ट घेतलात आणि त्याच्या मॅग्माचा (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा) इतिहास शोधायचा म्हटलं, की लगेच प्रश्न येतो: मायक्रोप्रोबवर (स्फटिकातल्या एकेका बिंदूचं रसायन मोजणाऱ्या यंत्रावर) मिळालेला थोडासा वेळ कोणत्या खनिजावर खर्चायचा? माझं मत प्लॅजिओक्लेजला, म्हणजे बेसॉल्टमधल्या कॅल्शियम-सोडियमच्या फिकट खनिजाला.

हा स्फटिक थराथराने वाढतो. त्यातलं कॅल्शियम बदलायचं तर ॲल्युमिनियमलाही जागा सोडावी लागते, म्हणून जुने थर सहजी पुसले जात नाहीत. गाभ्यापासून कडेपर्यंत एका रेषेत बिंदू मोजा. कॅल्शियम हळूहळू उतरत गेलं, तर मॅग्मा निवांत थंड होत होता. मधेच ते एकदम चढलं, आतल्या थराची कड विरघळल्यासारखी गोलसर दिसली आणि लोहही वाढलं, तर खालून ताजा मॅग्मा येऊन मिसळल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. नुसत्या कॅल्शियमवर मात्र विसंबू नका. मॅग्मातलं पाणी वाढलं तरी ते चढतं.

मॅग्मा जमिनीखाली ज्या कोठारात साठला होता त्याची खोली मात्र प्लॅजिओक्लेज सांगत नाही. त्यासाठी पायरॉक्सिन, म्हणजे लोह-मॅग्नेशियमचं गडद खनिज: दाब वाढला की त्यात सोडियम जास्त शिरतं. ऐकायला छान, पण या पद्धतीची त्रुटीच २-३ किलोबार (दाबाचं एकक), म्हणजे खोलीत ७ ते १० किलोमीटर. शिवाय आपल्याकडचं बरंचसं पायरॉक्सिन बारीक, लाव्हा पृष्ठभागावर आल्यावर बनलेलं. त्याला कोठाराची खोली काय विचारणार? खडकाच्या पातळ कापाच्या स्लाइडमध्ये मोठे, ठसठशीत स्फटिक दिसले तरच या वाटेला जा.

ऑलिव्हीन हे बेसॉल्टमधलं तिसरं खनिज बहुधा लालसर होऊन बदललेलं सापडतं. सोडून द्या.

एक्सआरएफ (क्ष-किरणांनी अख्ख्या खडकाचं रसायन मोजण्याची पद्धत) मात्र टाळू नका. खडकाची पूड करताना वेगवेगळ्या वेळचे स्फटिक एकत्र होतात हे खरं, पण पायरॉक्सिन कुठल्या द्रवाशी समतोलात होतं हे तपासायला तेच आकडे लागतात.

नमुना खाणीतल्या ताज्या काळ्या पाषाणाचा घ्या. मांजऱ्या खडकाच्या (वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या बेसॉल्टच्या) पोकळ्यांत झिओलाइट हे नंतर बनलेलं खनिज भरलेलं असतं, ते रासायनिक आकडे बिघडवतं. (वेरूळ-अजिंठ्याला हातोडी न्यायचीही नाही.)

आणि शीर्षकात ‘मराठवाड्याखालचं मॅग्मा कोठार’ लिहू नका. किल्लारीच्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपून जुना खडक लागला, पण वरच्या बेसॉल्टचा लाव्हा तिथूनच वर आला असं त्यावरून ठरत नाही. डेक्कनचे (दख्खनच्या बेसॉल्टचे) लाव्हा-प्रवाह शेकडो किलोमीटर वाहिलेत.