सॅटर्न घ्यायची तर कोणती? जुनी एसएल१ की होंडा इंजिनाची व्ह्यू

"मामा, ही सॅटर्न मोटारींची अमेरिकन कंपनीच बंद पडली आहे ना? मग हिच्या नादी लागू की नको?" ओहायोतल्या कोलंबसला शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्यासमोर दोन जाहिराती होत्या. एक २००१ची सॅटर्न एसएल१, पाच गिअरची मॅन्युअल, एका निवृत्त शिक्षिकेची. दुसरी २००६ची सॅटर्न व्ह्यू ही एसयूव्ही, व्ही६ (सहा सिलिंडरच्या इंजिनाची), ऑटोमॅटिक. मागितलेली किंमत जवळपास सारखीच. एका रविवारी दोघं मिळून दोन्ही गाड्या पाहून आलो. ओहायो, मिशिगन, इंडियाना भागात शिकायला आलेल्या आपल्या मुलांना स्वस्तातली गाडी शोधताना सॅटर्न अजूनही हमखास भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. रोजच्या वापराला व्ह्यू, पण फक्त २००४ ते २००७ मधली व्ही६. जीव लावायला एसएल१. सॅटर्नचं वेगळेपण जिच्यात सगळ्यात कमी उरलंय ती गाडी आज वापरायला सोपी आहे, आणि जिच्यात ते काठोकाठ आहे तिची उस्तवार जास्त करावी लागते. असं का झालं ते कळायला थोडा इतिहास हवा.

जपानी छोट्या गाड्यांनी अमेरिकेचा बाजार खाल्ला तेव्हा त्यांना तोंड द्यायला जनरल मोटर्सने (जीएम) नवी कंपनीच काढली. जानेवारी १९८५ मध्ये अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी तिची घोषणा केली. टेनेसीत नॅशव्हिलच्या दक्षिणेला स्प्रिंग हिल या गावी नवा कारखाना उभा राहिला. कामगार संघटनेशी वेगळा करार झाला आणि कामगारांना निर्णयांत वाटा मिळाला. ३० जुलै १९९० रोजी पहिली गाडी बाहेर पडली.

लोकांना मात्र गाडीइतकीच तिची विक्रीची पद्धत आवडली. स्टिकरवर लिहिलेली किंमत हीच किंमत, घासाघीस नाही. सेल्समन पगारी, कमिशनवर जगणारा नाही. नवी गाडी घेतली की शोरूममधली सगळी माणसं भोवती जमून टाळ्या वाजवायची, फोटो काढायची. १९९१ मध्ये कारखान्यात खराब कूलंट भरलं गेलं तेव्हा अठराशेहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि इंजिन दुरुस्त करत न बसता मालकांना बदली गाड्या दिल्या गेल्या. दोन वर्षांनी वायरिंगच्या दोषामुळे साडेतीन लाखांवर गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं) आला. तेव्हा कित्येक डीलरांनी गाडी दुरुस्तीला घेऊन आलेल्यांना जेवू घातलं. १९९४च्या जूनमध्ये कंपनीने मालकांना कारखाना पाहायला बोलावलं तर सुमारे ४४,००० लोक स्प्रिंग हिलला पोचले. एखाद्या गाडीच्या कारखान्याला माणसं जत्रेला यावीत तशी येतात, हे वाचताना मला आजही भरून येतं.

एसएल१च्या बाईंनी ग्लोव्हबॉक्समधून तोच फोटो काढून दाखवला. रंग उडत आलेला, कडा दुमडलेल्या. हातात किल्ली धरून त्या गाडीशेजारी उभ्या, मागे पाच-सहा माणसं हसताहेत. इतक्या वर्षांत फोटो गाडीतून हलला नव्हता.

एसएल१ जवळून

बाईंनी भाच्याला दाराला गुडघ्याने रेटा द्यायला सांगितलं. दार आत गेलं आणि टक् आवाज करून पुन्हा जागेवर आलं. दारं आणि फेंडर प्लास्टिकचे, आत स्टीलचा सांगाडा, बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण पत्र्याचं. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आदळलं तर पोचा येत नाही. उन्हात प्लास्टिक फुगतं म्हणून फटी मुद्दाम रुंद ठेवलेल्या असतात. ती अपघाताची खूण समजू नका.

याच गुणात एक फसगत दडलेली आहे. दाराला गंज नाही म्हणून गाडीला गंज नाही असं नव्हे. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते इंजिनाखालची चौकट, ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे जोड मुकाट्याने खात राहतं. वरून गाडी चकचकीत दिसते. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपल्याशिवाय जुनी सॅटर्न घेऊ नये.

दुसरी गोष्ट ऑइल. १.९ लिटरचं हे इंजिन वय झालं की ऑइल खातं, हे सॅटर्नवाल्यांना पाठ आहे. पिस्टनच्या ऑइल रिंगा काजळीने चिकटून बसतात आणि ऑइल थोडं थोडं जळत जातं. खाली थेंब दिसत नाही, धूरही लगेच दिसत नाही. ज्यांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी सळई) पाहिलीच नाही त्यांची इंजिनं कोरडी पडून गेली, आणि जे प्रत्येक टाकीला पाहत राहिले त्यांच्या गाड्या दोन लाख मैल ओलांडून पुढे गेल्या. या दोन प्रकारच्या मालकांच्या कहाण्या शेजारी ठेवल्या तर वाटेल की ते वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलताहेत. बाईंच्या डिकीत ऑइलचा डबा, जुन्या टॉवेलचा तुकडा आणि वही होती. वहीत तारीख, मैल, किती ऑइल घातलं, सगळं लिहिलेलं. सेकंडहँड गाडीसोबत याहून चांगला कागद मिळत नाही.

बाकीचे दुखणे किरकोळ आणि ठरलेले. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं प्लास्टिकचं टोक तडकतं, तिथे पितळी टोकाचा बसवायचा. वरचं इंजिन माउंटिंग खचलं की सिग्नलला उभ्या गाडीत हादरे जाणवतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर रिव्हर्स टाकताना धाडकन झटका बसतो का ते बघा. मॅन्युअलमध्ये बर्फात अडकल्यावर चाक एका जागी गरगर फिरवू नका, त्याने डिफरन्शिअलची (ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागाची) पिन तुटते आणि गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येते. इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, म्हणजे ठरावीक मैलांनंतरचा तो मोठा खर्च नाही. हायवेवर गॅलनला ३५ मैलांच्या आसपास सहज मिळतात. ताकद शंभर हॉर्सपॉवर, काचा हाताने फिरवायच्या.

व्ह्यू जवळून

व्ह्यूचा मालक तरुण होता, त्याच्याकडे ही गाडी तिसऱ्या हाताने आलेली. फोटो नाही, वही नाही. पण किल्ली फिरवली आणि इंजिन इतक्या मऊपणे लागलं की भाच्याने माझ्याकडे पाहिलं. ते होंडाचं ३.५ लिटरचं व्ही६ आहे, २५० हॉर्सपॉवरचं, सोबत होंडाचाच पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. होंडा आणि जीएम यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या करारातून २००४ पासून ही जोडी व्ह्यूत आली. दारं इथेही प्लास्टिकची. म्हणजे अंगावर सॅटर्न आणि बॉनेटखाली होंडा.

याचा फायदा रोजच्या वापरात कळतो. इंजिनाचं काम कुठलाही होंडा जाणणारा मेकॅनिक करतो, आणि त्या इंजिनाचे भाग मिळायला अडचण नाही. दोन अटी मात्र पाळाव्याच लागतात. गिअरबॉक्सला होंडाचंच ऑइल घालायचं, समोर दिसला तो डबा ओतायचा नाही. आणि या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. साधारण १ लाख मैल किंवा सात वर्षं, जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. २००६च्या गाडीचे मैल कितीही कमी असोत, बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरून किमतीतून तो खर्च वजा करायचा. पेट्रोलही जास्त लागतं, गॅलनला वीसेक मैल धरून चला.

व्ह्यू हे नाव बघून उडी मारू नका. २००२ पासूनच्या सुरुवातीच्या काही वर्षांत चार सिलिंडरच्या इंजिनाबरोबर गिअर नसलेला पट्ट्याचा ट्रान्समिशन दिला होता, व्हीटीआय नावाचा. तो इतके वेळा बिघडला की कंपनीला त्याची वॉरंटी पाच वर्षं किंवा ७५,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. तो गिअरबॉक्स असलेली व्ह्यू कोणी फुकट दिली तरी मी भाच्याला घेऊ देणार नाही. २००२ ते २००४ च्या गाड्यांवर मागच्या सस्पेन्शनचा रिकॉलही आहे. २००८ पासूनची व्ह्यू वेगळीच गाडी, मेक्सिकोत बनलेली, पत्र्याच्या दारांची. आपल्याकडे शेव्हर्लेची कॅप्टिव्हा ज्यांनी चालवली असेल त्यांना ती ओळखीची वाटेल, कारण दोघी एकाच घरातल्या.

बाकीच्या बहिणी

आयन (२००३ ते २००७) स्वस्त मिळते. तिचं इकोटेक इंजिन शेव्हर्ले कोबाल्टमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात. पण ही २०१४च्या इग्निशन स्विचच्या रिकॉलमधली गाडी. जड जुडग्याने किल्ली चालत्या गाडीत घसरायची, इंजिन बंद पडायचं, आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडायची नाही. त्या दोषाने गेलेल्या १२४ जणांच्या कुटुंबांचे दावे भरपाईसाठी मान्य झाले. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) सरकारी रिकॉलच्या साइटवर टाकून काम झालंय याची खात्री केल्याशिवाय पोराच्या हातात ती किल्ली देऊ नका. ऑरा देखणी आहे, २००७ची उत्तर अमेरिकेची 'कार ऑफ द इयर', पण ३.६ लिटर व्ही६ असेल तर टायमिंग चेन ताणल्याचा आवाज कान देऊन ऐका. आउटलुकचंही तेच. स्काय ही दोन सीटांची, हौशी माणसाची गाडी. विद्यार्थ्याने तिच्याकडे बघू नये.

सुटे भाग आणि पोरकेपण

सॅटर्न मेली कशी? पहिल्या गाडीनंतर तिला वर्षानुवर्षं नवं मॉडेल मिळालं नाही. एस मालिका (एसएल१ तिच्यातलीच) तोच मूळ साचा घेऊन २००२ पर्यंत चालली. पुढच्या गाड्या हळूहळू जीएमच्याच ओपेल आणि शेव्हर्लेच्या साच्यातून आल्या, आणि मार्च २००७ मध्ये स्प्रिंग हिलला सॅटर्न बनणं थांबलं. २००९ मध्ये जीएमची दिवाळखोरी झाली. पेन्स्के ऑटोमोटिव्ह ही कंपनी सॅटर्न विकत घ्यायला निघाली होती, पण पुढे गाड्या बनवून देणारं कोणी मिळेना. ३० सप्टेंबर २००९ रोजी त्यांनी माघार घेतली आणि पुढच्या वर्षी शोरूम बंद झाले. २०१७ मध्ये जीएमने भारतात गाड्या विकणं थांबवलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या शेव्हर्लेवाल्यांना जे पोरकेपण आलं, ते इकडच्या सॅटर्नवाल्यांनी आधीच भोगलं होतं.

आज इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे भाग साध्या दुकानात मिळतात. अडतं ते दारं, दिवे, आतलं प्लास्टिक यांपाशी. त्यासाठी भंगारातल्या गाड्या शोधाव्या लागतात, आणि एस मालिकेच्या गाड्या आता भंगारातही कमी होत चालल्या आहेत. म्हणून एसएल१ घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी काच, दिवे, आरसे धड आहेत ना ते बघावं. इंजिन नंतर सुधारता येतं.

भाच्याचं म्हणाल, तर त्याला रोज चाळीस मैल जायचंय, बर्फातही, आणि त्याने आजवर एकदाही डिपस्टिक ओढलेली नाही. त्याने व्ह्यू घ्यावी. मालकाला बेल्टची पावती शोधायला सांगितलीय, नसेल तर किंमत उतरवायचं त्याने कबूल केलंय. बाईंना मी फोन करून नकार कळवला तेव्हा त्या म्हणाल्या, गाडी विकायची घाई नाही, घेणारा दर टाकीला ऑइल बघणारा असेल तरच देईन. कोलंबसच्या आसपास मॅन्युअल चालवता येणारं आणि डबा-टॉवेल डिकीत ठेवणारं कोणी असेल, तर ती गाडी अजून तिथेच उभी आहे, वही आणि फोटोसकट.