बिव्हेरियाची भुकटी सोयाबीनला लावा, बीटी कपाशीच्या बियाण्यावर वाया घालवू नका

मृग लागायच्या आधी विदर्भातल्या कृषी केंद्रांत बिव्हेरिया बॅसियाना या किडींना मारणाऱ्या बुरशीची एक किलोची पाकिटं दिसू लागतात. १.१५ टक्के डब्ल्यू.पी. (पाण्यात मिसळून वापरायची भुकटी), टाल्कमध्ये मिसळलेली पांढरट भुकटी. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं ते फवारणीचं. हल्ली मात्र दुकानात तोंडी आणखी एक सांगितलं जातं: बियाण्याला लावा, बुरशी झाडाच्या आत राहते, हंगामभर अळीची चिंता नाही. बुरशी झाडात राहते हे खरं आहे. हंगामभराचं आश्वासन खरं नाही, आणि त्याच्या भरवशावर पहिली फवारणी चुकवली तर नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

बियाणं उगवताना ही बुरशी मुळांमध्ये शिरते, तिथून खोडात आणि पानांत पेशींच्या मधल्या जागेत पसरते. झाडाला रोग होत नाही. अमेरिकेत आयोवामध्ये १९९१ साली मक्यात हे दाखवलं गेलं. खोडात बिव्हेरिया असलेल्या मक्यात खोडकिड्याने पोखरलेले बोगदे कमी भरले. टेक्सासमध्ये कपाशीचं बियाणं असं भिजवून लावलं तेव्हा मावा या रसशोषक किडीची वाढ मंदावली. मंदावली हा शब्द महत्त्वाचा. फवारलेली बुरशी अळीच्या कातडीवर रुजून आत घुसते, अळी पाच-सात दिवसांत मरते आणि हवेत दमटपणा असेल तर पांढऱ्या कापसासारखी मढते. झाडाच्या आतली बुरशी बहुतेक वेळा असं करत नाही. ती झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते, पान किडीला नकोसं होतं, अळी कमी खाते, उशिरा वाढते. म्हणून बीजप्रक्रिया केलेल्या शेतात पांढऱ्या मेलेल्या अळ्या शोधून ‘औषध लागलं नाही’ म्हणणं चूक आहे. पीक वाढतं तशी आतली बुरशी नव्या पानांत विरळ होत जाते. अपेक्षा पहिल्या काही आठवड्यांपुरतीच ठेवावी.

या भुकटीचा खरा उपयोग सोयाबीनला. प्रमाण किलोला १० ग्रॅम. एकरी ३० किलो बियाण्याला ३०० ग्रॅम, म्हणजे एका पाकिटात तीन एकर निघतात. ५० ग्रॅम गूळ पाव लिटर पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा. गरम पाण्यात बीजाणू (ज्यांतून बुरशी रुजते ते कण) मरतात, घाई करू नये. बियाणं सावलीत ताडपत्रीवर पसरून गुळाचं पाणी शिंपडायचं, भुकटी भुरभुरायची आणि तळहाताने हलकं वरखाली करायचं. पाणी जास्त झालं किंवा ड्रममध्ये घोळलं की सोयाबीनची साल सुटते आणि उगवण पडते. भुकटीला दोष देणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) सोबत चालतं. ट्रायकोडर्मा ही बुरशी एकाच बियाण्यावर नको, ती दुसऱ्या बुरशीला दाबते. शेणखतातून जमिनीत द्यावी. थायरम, कार्बेन्डाझिम अशी बुरशीनाशकं लावलेलं बियाणं असेल तर ही भुकटी विकतच घेऊ नका.

बीटी कपाशीत घोडं नेमकं इथेच अडतं. पाकिटातल्या बियाण्यावर रंगीत लेप असतो, त्यात कीटकनाशक आणि पुष्कळदा बुरशीनाशकही असतं. त्यावर बिव्हेरिया लावणं म्हणजे पैसे मातीत. कपाशीला द्यायचीच तर रोप तीन-चार पानांवर असताना फवारून द्यावी. गुलाबी बोंडअळीसाठी मात्र या भुकटीवर विसंबू नये. अळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात घुसते, तिथे फवारा पोचत नाही. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग येतात का, हे पाहणं जास्त कामाचं.

फवारणीचं प्रमाण १० लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर अख्खं पाकीट एका फवारणीत संपतं. बीजाणू पाण्यात सहज भिजत नाहीत, भुकटी वर तरंगते. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, चिकटद्रव्य घाला, कापडातून गाळा. टाल्कने नोझल तुंबते ती गाळली नाही म्हणूनच. फवारणी ऊन उतरल्यावरच, कारण उन्हातली अतिनील किरणं बीजाणूंना काही तासांत मारतात. बुरशीनाशक फवारलं असेल तर आठवडाभर थांबावं. शेंगा भरताना टेब्युकोनॅझोल हे बुरशीनाशक मारणाऱ्यांनी आतल्या बुरशीचा हिशेब तिथेच संपला असं धरावं, ते पानात शिरतं. तोंडाला रुमाल बांधा, भुकटी श्वासात गेली की काहींना खोकला आणि ॲलर्जी होते. गडचिरोली, भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे असतील तर त्या बाजूला बिव्हेरिया अजिबात नको. रेशीमकिड्यांचा रोग म्हणूनच १८३५ साली इटलीत आगोस्तिनो बास्सीने ही बुरशी ओळखली.

राहिला प्रश्न पाकिटात जीव आहे का. लेबलावर ग्रॅममागे १०^८ (दहा कोटी) सीएफयू, म्हणजे रुजू शकणारे जिवंत बीजाणू, असं छापलेलं असतं, पण ते भरल्या दिवशीचं. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूरच्या ४५ अंशांत टिनाच्या छपराखाली पडलेलं पाकीट मुदत शिल्लक असूनही मेलेलं असू शकतं. या औषधाचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, बुरशीत दोष नाही. नोंदणी क्रमांक, भरल्याची तारीख पाहा, दुकानात माल कुठे ठेवतात ते विचारा आणि पेरणीच्या दोन-अडीच आठवडे आधी घ्या, म्हणजे तपासायला वेळ मिळतो. मूठभर तांदळाची कणी अर्धवट शिजवून, जाड पिशवीत भरून कुकरमध्ये वाफवा. थंड झाल्यावर चिमूटभर भुकटी टाका, तोंड कापसाने बंद करा, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत कणीवर पांढरी, पिठासारखी बुरशी धरली तर माल जिवंत आहे. हिरवे-काळे डाग आले तर माल भेसळीचा किंवा दूषित असू शकतो. काहीच उगवलं नाही तर पाकीट पावतीसह परत करा.