केल्म्सकॉट मॅनर: आधी छप्पर, मग मॉरिस

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या केल्म्सकॉट मॅनर या जुन्या घराला बहुतेक लोक येतात ते तिथे राहिलेल्या विल्यम मॉरिससाठी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कवी आणि नक्षीकारासाठी. त्याचा पलंग बघायचा, त्याच्या नक्षीची एखादी वस्तू घ्यायची आणि निघायचं. मी बांधकामातला माणूस. माझ्या लेखी तिकिटाचे निम्मे पैसे अंगणात मान वर करून उभं राहिलं की तिथेच वसूल.

छप्पर दगडाचं आहे. चुनखडीच्या पातळ फरश्या, वळचणीला रुंद आणि मोठ्या, आढ्याकडे जाताना प्रत्येक ओळ जराशी लहान. दिसतं सुंदर, पण हिशोब रोकडा आहे: खाणीतून निघेल तो लहान तुकडाही कामी येतो, जड माल थेट भिंतीवर बसतो आणि सगळं पाणी जिथे जमून येतं त्या खालच्या भागात सांधे कमी राहतात. फरश्या खडबडीत, म्हणून पाखंही चांगलंच उभं. या भागात अशा फरश्या काढायला थंडीच कामाला लावत. ओला दगड हिवाळाभर उघड्यावर ठेवायचा. आतलं पाणी गोठून फुगलं की थर आपोआप सुटे. मग भोक पाडून लाकडी खुंटीने रिपेवर टांगायचे. फरशीच्या मापांनाही नावं होती, त्यातलं एक चक्क ‘बॅचलर’! शंभर चौरस फुटांना साधारण टनभर वजन पडतं, तेव्हा खालच्या वाशांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मूळ घर साधारण 1600 च्या सुमाराचं, टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याचं. ईशान्येचा भाग सतराव्या शतकातच, पण पुढे जोडलेला. या नव्या भागात गेबलमधल्या, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी भिंतीतल्या, खिडक्यांवर छोटी त्रिकोणी पेडिमेंटं (शोभेच्या टोप्या) बसवली आहेत. हातात चार पैसे खेळायला लागले की माणूस दर्शनी भागावरच खर्च करतो, हे तिथेही तसंच. मला स्वतःला जुना, साधा भाग जास्त आवडला. भिंती वर जाताना किंचित आत कललेल्या आहेत. आमच्या साइटवर ओळंबा लावून कोणीही गवंड्याचं बिल अडवलं असतं. मॉरिसला मात्र नेमकं तेच भावलं होतं.

त्याने 1871 मध्ये चित्रकार-कवी रोझेटीबरोबर हे घर भाड्याने घेतलं. पुढे 1877 मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या भिंती खरवडून काढण्याला विरोध म्हणून. चुन्याच्या जागी सिमेंट भरून ओल भिंतीत कोंडणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला एकदा इथे आणून उभं करावं, असं मला फार वाटतं.

आतली रचना आजच्या मापाने गैरसोयीचीच. टेपिस्ट्री रूममध्ये, म्हणजे विणलेल्या चित्रपडद्यांच्या खोलीत, जायचं तर वाट मॉरिसच्या झोपायच्या खोलीतून. खासगीपणा नावालाही नाही. तिथले बायबलमधल्या सॅमसनच्या गोष्टीचे पडदे मला काळवंडलेले वाटले; मी फार रेंगाळलो नाही. पोटमाळ्यावर मात्र जरूर जा. पूर्वी शेतावरची माणसं तिथे झोपत, आणि छपराची लाकडं अगदी हाताशी दिसतात. तुळईला तुळई कशी बसवली आहे ते बघताना मागच्यांना वाट द्यायची आठवण ठेवा.

घर 1962 पासून सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातत्त्व-इतिहासाच्या संस्थेकडे आहे आणि मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. रोज उघडं नसतं, हिवाळ्यात तर बंदच. दिवस बघून निघा. पायऱ्या अरुंद आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी वरच्या मजल्याचा हट्ट धरू नये. भव्य दालनं, झुंबरं हवी असतील तर इथे येऊच नका. बांधकामाची आवड असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या वाटेवरच्या झोपायच्या खोलीसाठी कापला. आणि हो, बागेतला तीन बैठकांचा संडास चुकवू नका. शेजारी शेजारी, मध्ये आडोसा नाही. खासगीपणाचा विचार घरभर एकसारखाच केलेला दिसतो.